रॅपरच्या डिस्कोग्राफीतले आकडे आणि नावं जुळत नाहीत? आधी हे तपासा

कोल्हापुरात राजारामपुरीत महिन्यातून एका रविवारी आम्ही पंधरा-वीस जण रॅप ऐकायला जमतो. एका बैठकीला एकच कलाकार. पहिलं गाणं लागायच्या आधी प्रत्येकाच्या हातात दोन पानी पत्रक जातं, म्हणजे त्याची डिस्कोग्राफी: अल्बम, साल, कुठल्या गाण्यात सोबत कोण, बीट (रॅपमागचं संगीत) कुणाचं, आणि शेवटच्या रकान्यात खपाबद्दल मिळालेलं गोल्ड, प्लॅटिनम किंवा डायमंड. हे पत्रक करायचं काम माझ्याकडं आहे. आणि दर वेळी दोनच रकाने अडतात, विक्रीचा आणि श्रेयाचा. एका ठिकाणी अल्बम एक कोटी खपलेला असतो, दुसरीकडं पन्नास लाख. एका यादीत गाण्याला चार लेखक, दुसऱ्या यादीत नऊ.

टुपाक या अमेरिकन रॅपरच्या बैठकीला हे चांगलंच अंगाशी आलं. 'ऑल आईज ऑन मी'पुढं मी 'एक कोटी प्रती विकल्या' असं छापून बसलो होतो. माझा मावसभाऊ त्या अल्बमची सीडी घेऊन आला होता. त्यानं डबी उघडली, दोन चकत्या माझ्यासमोर धरल्या आणि म्हणाला, "दादा, एका डबीत दोन हायत की. मग माणसं एक कोटी का पन्नास लाख?" बरोबर तोच होता. मी आकडा खरा छापला होता, पण त्याच्यापुढं लिहिलेला शब्द चुकीचा होता. तेव्हापासून मी तपासायची पद्धत बदलली. ज्यांना असं काही लिहावं लागतं, कॉलेजच्या अंकासाठी, क्विझसाठी किंवा आपल्याच वहीत, त्यांच्यासाठी ती सविस्तर मांडतो.

आकडा नेमका कशाचा आहे?

माझ्या वडिलांची पेपरची एजन्सी होती. पहाटे चारला स्टँडवर गठ्ठे उतरायचे. वडील गठ्ठे मोजून घ्यायचे, पोरांना वाटून द्यायचे आणि दुपारी न खपलेले अंक मोजून सुतळीनं बांधून ठेवायचे. त्या वहीत तीन आकडे असायचे: आले किती, परत किती, खपले किती. तिघांपैकी कुठल्याही एका आकड्याला 'आपला खप' म्हणता आलं असतं, पण वडील शेवटच्यालाच म्हणायचे. रॅपच्या आकड्यांचा निम्मा घोळ याच वहीत सुटतो.

अमेरिकेत गोल्ड-प्लॅटिनम देणारी संस्था आरआयएए. ही रेकॉर्ड कंपन्यांची संघटना आहे. गोल्डची पद्धत 1958 साली सुरू झाली, प्लॅटिनमची 1976 साली आणि डायमंडची 1999 साली. आजचा हिशेब असा: गोल्ड म्हणजे 5 लाख युनिट, प्लॅटिनम म्हणजे 10 लाख, डायमंड म्हणजे 1 कोटी. सीडी-कॅसेटच्या बाबतीत हे युनिट म्हणजे कंपनीनं बाजारात पाठवलेला माल, परतीचा माल वजा करून. म्हणजे वडिलांच्या वहीतले पहिले दोन आकडे. गिऱ्हाइकानं दुकानातून काय उचललं हे मोजणारी व्यवस्था वेगळी. तिचं नाव साउंडस्कॅन, ती 1991 साली सुरू झाली आणि काउंटरवर बारकोड वाचला की एक विक्री धरायची. आज तेच काम ल्युमिनेट या नावानं चालतं. त्या काळी अमेरिकेत टपालानं सीडी पाठवणारे रेकॉर्ड क्लब जोरात होते आणि त्यांची विक्री साउंडस्कॅनमध्ये धरली जात नव्हती. म्हणून नव्वदच्या दशकातल्या एखाद्या अल्बमचे दोन आकडे दिसले आणि त्यांत दहा-वीस लाखांचा फरक आला, तर एक खोटा असं लगेच ठरवू नका. बहुधा दोन्ही खरे असतात, फक्त दोन वेगळ्या दारांवर मोजलेले असतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. कंपनीनं अर्ज करायचा, शुल्क भरायचं, मग हिशेब तपासला जातो आणि मग ते मिळतं. याचा अर्थ, यादीत नाव नाही म्हणजे खप नाही, असं होत नाही. कंपनी बुडाली असेल, मालकीवरून भांडण चालू असेल, किंवा छोट्या कंपनीला त्या खर्चात रस नसेल. 'ऑल आईज ऑन मी' 1996 च्या फेब्रुवारीत आला आणि डायमंड झाला 2014 साली. अठरा वर्षांनी एकदम लोकांनी तो विकत घेतला असं नाही, कागद तेव्हा हलला. म्हणून 'डायमंड' शब्दाशेजारी प्रमाणपत्राची तारीख लिहायचीच, आणि ती अल्बमच्या तारखेपासून वेगळी लिहायची.

लक्षण: आकडा दुप्पट दिसतोय

मावसभावानं पकडलेली चूक हीच. शंभर मिनिटांहून लांब असलेल्या दोन चकत्यांच्या अल्बममध्ये आरआयएए प्रत्येक चकती वेगळी मोजायची. त्यामुळं एक डबी गेली की दोन युनिट. 'ऑल आईज ऑन मी' असाच, आणि नोटोरियस बी.आय.जी.चा 1997 चा 'लाइफ आफ्टर डेथ'ही असाच. तो 2000 साली डायमंड झाला. एक कोटी युनिट म्हणजे पन्नास लाख डब्या.

उपाय सोपा आहे. अल्बमची एकूण लांबी आणि चकत्या बघायच्या. दोन चकत्या असतील तर 'एक कोटी प्रती' न लिहिता '1 कोटी युनिट, दुहेरी अल्बम' असं लिहायचं. एवढ्या तीन शब्दांनी पत्रक खरं होतं. यात कलाकाराचं काही कमी होत नाही. पन्नास लाख घरांत दोन-दोन तास चालणारा अल्बम जाणं ही काय साधी गोष्ट आहे?

लक्षण: 'प्लॅटिनम' एकच, आकडे चार

इथं बहुतेक वेळा देश गाळलेला असतो. ब्रिटनमध्ये बीपीआय या तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबात अल्बमला 60 हजारांवर सिल्व्हर, 1 लाखावर गोल्ड आणि 3 लाखांवर प्लॅटिनम. गाण्याला मात्र 2 लाख, 4 लाख आणि 6 लाख. ऑस्ट्रेलियात 70 हजारांवर प्लॅटिनम. कॅनडात 80 हजारांवर, पण 2008 च्या आधी तिथं अल्बमला 1 लाख लागायचे. कुणाच्या यादीत 'सिल्व्हर' दिसलं की एक खूणगाठ बांधा: ते अमेरिकेचं नाही, कारण आरआयएएकडं सिल्व्हर नाहीच. ब्रिटनमध्ये 2013 पासून आकडा गाठला की प्रमाणपत्र आपोआप मिळतं, अर्ज लागत नाही. म्हणून एखाद्या गाण्याला ब्रिटनचं ताजं प्रमाणपत्र आणि अमेरिकेचं काहीच नाही, असंही दिसतं.

अमेरिकेतल्या अमेरिकेतही एक खड्डा आहे. स्पॅनिश गाण्यांसाठी आरआयएएचा वेगळा लॅटिन कार्यक्रम आहे. त्यात प्लॅटिनम 60 हजारांवर मिळतं. बॅड बनीसारख्या लॅटिन ट्रॅप गाणाऱ्याच्या नावापुढं 'इतक्या पट प्लॅटिनम' वाचून दहा लाखांनी गुणलंत तर हिशेब सोळा पटींहून जास्त फुगतो. ओळीत 'लॅटिन' हा शब्द आहे का, एवढं बघायचं.

आणि सगळ्या देशांची प्रमाणपत्रं जोडून 'जगभरात इतकी विक्री' अशी बेरीज कृपा करून करू नका. प्रत्येक देशाची पायरी वेगळी, मोजायची रीत वेगळी, तारीख वेगळी. प्रमाणपत्र 'किमान इतके' सांगतं, 'नेमके इतके' कधीच सांगत नाही. मण, किलो आणि गुळाचे रवे एकाच वहीत न बदलता जोडल्यासारखं होतं ते. शाहूपुरीतला कुठलाही गूळ व्यापारी तसं करणार नाही.

लक्षण: दोन काळातल्या गाण्यांची तुलना जमत नाही

इथं वेळ द्यावा लागतो. सगळ्यात जास्त वाद इथंच होतात.

1989 च्या आधी गाण्याला गोल्ड मिळायला 10 लाख लागायचे आणि प्लॅटिनमला 20 लाख. मग पायरी निम्म्यावर आली. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या रॅप गाण्याचं गोल्ड आणि नंतरचं गोल्ड एका तराजूत बसत नाही. पुढं 2013 पासून गाण्यांच्या हिशेबात स्ट्रीमिंग, म्हणजे नेटवरून ऐकणं, धरायला सुरुवात झाली आणि 2016 च्या फेब्रुवारीत अल्बमच्याही. आता 150 वेळा ऐकलं की गाण्याचं एक युनिट. अल्बमचं एक युनिट म्हणजे एक अल्बम विकला जाणं, किंवा त्यातली 10 गाणी सुटी विकली जाणं, किंवा 1,500 वेळा ऐकलं जाणं.

नियम बदलला त्याच वेळी केंड्रिक लमारचा 2015 चा 'टू पिम्प अ बटरफ्लाय' प्लॅटिनम जाहीर झाला. आणि त्याच्याच कंपनीचे प्रमुख अँथनी टिफिथ यांनी ते मानायला जाहीर नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की आमच्यासाठी जुनाच नियम, दहा लाख अल्बम खरोखर विकले जातील तेव्हाच अभिनंदन करा. मला हा माणूस फार आवडला. स्वतःच्या घरात आलेला मान 'अजून आमचा नाही' म्हणून परत करायला छाती लागते. पण पत्रकात काय लिहायचं? प्रमाणपत्र दिलं गेलं आहे, ते खरं आहे, आणि ते स्ट्रीमिंग धरून आहे, हेही खरं. दोन्ही लिहायचं. '2016, स्ट्रीमिंगसह' एवढा मजकूर रकान्यात मावतो.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण त्यावरून नियम कसे घडतात हे कळतं. जुन्या नियमात अल्बम आल्यावर तीस दिवस थांबल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नव्हतं. कारण तेच, परतीचा माल. दुकानदार काय परत पाठवतो हे कळायला वेळ द्यायचा. 2013 च्या जुलैत जे-झीचा 'मॅग्ना कार्टा होली ग्रेल' आला. सॅमसंगनं त्याच्या 10 लाख डिजिटल प्रती आधीच विकत घेऊन आपल्या फोनवाल्यांना फुकट दिल्या. डिजिटल प्रत परत येत नाही, म्हणून आरआयएएनं तीस दिवसांची अट डिजिटल विक्रीसाठी काढली आणि अल्बम आल्याआल्या प्लॅटिनम झाला. बिलबोर्ड या मासिकानं मात्र त्या 10 लाख प्रती आपल्या यादीत धरल्या नाहीत. पहिल्या आठवड्याची विक्री त्यांच्या हिशेबात 5 लाख 28 हजार. आता कुणी म्हणतं पहिल्या दिवशीच प्लॅटिनम, कुणी म्हणतं पहिल्या आठवड्यात साडेपाच लाखही नाही. दोघंही बरोबर. मोजणारा कोण, हे लिहिलं की भांडण मिटतं.

एक बारीकशी पण कामाची गोष्ट: आरआयएए फक्त अमेरिकेत ऐकलेलं मोजते. आपण कोल्हापुरात बसून एखादं गाणं कितीही वेळा लावलं तरी त्या प्लॅटिनममध्ये आपला थेंबही नसतो.

लक्षण: नाव टाकलं तर काहीच सापडत नाही

आरआयएएच्या वेबसाइटवरच्या शोधपेटीत नाव वेगळं पडलं तर ओळ सुटू शकते आणि रॅपरांची नावं बदलत राहतात. जे-झीनं 2013 साली मधली आडवी रेघ काढली आणि 2017 साली परत लावली. स्नूप डॉगचा 1993 चा पहिला अल्बम 'स्नूप डॉगी डॉग' या नावावर आहे. टुपाक गेल्यावर 1996 च्या नोव्हेंबरात आलेला अल्बम 'मकावेली' या नावानं आला. तो टुपाकच्या नावाखाली शोधला तर हाती लागेलच असं नाही. म्हणून आधी कलाकाराच्या सगळ्या नावांची यादी करायची, मग प्रत्येक नाव टाकायचं, आणि शेवटी अल्बमच्या नावानं उलटा शोध घ्यायचा. अल्बमच्या नावानं शोधलं की नावातल्या रेघा-टिंबांची भानगड उरत नाही. ओळ सापडली की तिथंच थांबू नका. तिचा तपशील उघडा. आधीची गोल्ड-प्लॅटिनमची प्रत्येक पायरी तारखेसकट तिथं दिसते.

गटाचं आणि एकट्याचं खातंही वेगळं ठेवायचं. फ्यूजीज या गटाचा 'द स्कोअर' त्यातल्याच लॉरिन हिलच्या नावावर चढवायचा नाही, आणि तिचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' गटाच्या नावावर नाही.

एकच गाणं दोनदा मोजलं जाण्याचं कारण बहुतेक वेळा रिंगटोन असतं. 2006 पासून आरआयएएनं 'मास्टरटोन' म्हणून रिंगटोनलाही वेगळं गोल्ड-प्लॅटिनम द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं कॉलरट्यूनचं वेड होतं तोच हा काळ. त्या चार-पाच वर्षांतल्या रॅप गाण्यांना गाण्याचं वेगळं आणि रिंगटोनचं वेगळं अशी दोन प्रमाणपत्रं दिसतात. ती जोडायची नाहीत. दोन ओळी करायच्या.

विकिपीडियाच्या तक्त्यातून आकडा घेत असाल तर आकड्याशेजारची बारीक खूण बघा. तारा (*), टोपी (^) किंवा दुहेरी कट्यार (‡) असते. या तिन्ही खुणांचा अर्थ एकच निघतो: हा आकडा नुसत्या प्रमाणपत्रावरून लिहिला आहे. तारा असेल तर विक्री, टोपी असेल तर पाठवलेला माल, कट्यार असेल तर विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून. म्हणजे 'प्लॅटिनम' आणि '10 लाख' हे दोन पुरावे नाहीत, एकाच पुराव्याची दोन रूपं आहेत. माझी कितीतरी पत्रकं या एका खुणेनं सुधारली.

भिंतीवर टांगलेल्या गोल्ड-प्लॅटिनमच्या चकतीचा फोटो हा पुरावा धरू नका. शोधपेटीत ओळ आणि तारीख मिळाली तरच लिहा.

नावांचा रकाना

आकडा चुकला तर वाद होतो. नाव चुकलं तर कुणाच्या तरी कष्टाची नोंद पुसली जाते. म्हणून या रकान्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा अशी कळकळीची विनंती आहे.

लता मंगेशकर काही काळ आपल्या कोल्हापुरात होत्या. वडील गेल्यावर मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये त्या इथं काम करत होत्या, आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पुढं त्यांच्याच मालकीचा झाला. 2002 साली अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं 'अॅडिक्टिव्ह' आलं. रॅपचा भाग रकीमचा, निर्माता डीजे क्विक. गाणं सुरू होतं आणि मागून लताबाईंचा आवाज येतो: 1981 च्या 'ज्योती'मधलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. गाणं अमेरिकेत पहिल्या दहात गेलं. अल्बमवर लाहिरींचं नाव नव्हतं. खटला झाला, आणि 2003 साली लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी सांगितलं की नाव घाला, नाहीतर अल्बमची विक्री थांबवा.

आम्ही हे गाणं बैठकीत लावलं तेव्हा मागं बसलेली एक आजी, आमच्यापैकी एकाची, चहा द्यायला आली होती. ती दारातच थांबली. "ही तर लता," एवढंच म्हणाली. तिला रकीम माहीत नव्हता, पण जे नाव कागदावर नव्हतं ते तिनं कानानं ओळखलं.

या एका गाण्यावर श्रेयाचा सगळा नकाशा शिकता येतो. मुख्य कलाकार ट्रूथ हर्ट्स. सोबतीचा कलाकार रकीम. निर्माता डीजे क्विक. उसन्या तुकड्यातला आवाज लताबाईंचा, त्या तुकड्याची चाल लाहिरींची. यात लताबाई 'सोबतीच्या कलाकार' नाहीत आणि लाहिरी 'निर्माता' नाहीत. पाच प्रकारची कामं आहेत आणि ती पाच वेगळ्या रकान्यांत गेली पाहिजेत. आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क ही आणखी वेगळी गोष्ट, तो चाल बांधणाऱ्याच्या हातात असेलच असं नाही.

ध्वनिमुद्रण वेगळं आणि रचना वेगळी, हे पक्कं डोक्यात बसलं की कुठं शोधायचं ते कळतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा खुणांचा क्रमांक असतो. त्यात देश, नोंदवणारा, वर्षाचे दोन आकडे आणि शेवटी पाच आकडे असतात. रीमिक्सला वेगळा, शिव्या काढलेल्या आवृत्तीलाही वेगळा. म्हणून एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्यांची श्रेयं भिन्न दिसली तर आधी हा क्रमांक पडताळा. वर्षाचे दोन आकडे क्रमांक दिला त्या वर्षाचे असतात, गाणं बाजारात आलं त्या वर्षाचे असतीलच असं नाही. रचनेचा क्रमांक निराळा, आयएसडब्ल्यूसी. लेखक-संगीतकार शोधायचे तर अमेरिकेतल्या अॅस्कॅप आणि बीएमआय या संस्थांची एकत्र यादी आहे, सॉंगव्ह्यू. आपल्याकडं गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस, 1969 सालची.

या याद्यांमध्ये कलाकाराचं रंगमंचावरचं नाव नसतं, कागदावरचं असतं. शॉन कार्टर म्हणजे जे-झी, मार्शल मॅथर्स म्हणजे एमिनेम, कर्टिस जॅक्सन म्हणजे फिफ्टी सेंट, नासिर जोन्स म्हणजे नास. दोन आंद्रेंपासून जपून: आंद्रे यंग म्हणजे डॉ. ड्रे, आंद्रे बेंजामिन म्हणजे आउटकास्ट या गटातला आंद्रे 3000. माझ्या एका जुन्या पत्रकात या दोघांची अदलाबदल झाली आहे, आणि छापलेल्या प्रती वाटून झाल्यामुळं ती आता दुरुस्त होत नाही.

लेखकांची यादी अचानक लांब झाली की बहुतेक वेळा आत उसना तुकडा असतो. 1997 चं 'आय'ल बी मिसिंग यू' घ्या. पफ डॅडी, फेथ एव्हान्स आणि सोबत वनट्वेल्व्ह हा गट. मागं वाजते ती द पोलीस या बँडच्या 1983 च्या गाण्यातली गिटार. वाजवली अँडी समर्सनं, पण मूळ गाण्याचा लेखक म्हणून नोंद बँडमधल्या एकट्या स्टिंगची, म्हणून लेखकाचं श्रेय आणि पैसा स्टिंगकडं. कानाला जो ऐकू येतो तो कागदावर असेलच असं नाही. पत्रकात मी अशा वेळी 'उसना तुकडा' अशी स्वतंत्र ओळ करतो आणि वाजवणाऱ्याचंही नाव लिहितो.

आणि छापील पुस्तिका हा शेवटचा शब्द नव्हे. लॉरिन हिलच्या 1998 च्या त्याच अल्बमवर न्यू आर्क या गटातल्या चार जणांनी लेखन आणि निर्मितीचं श्रेय मिळावं म्हणून दावा लावला होता. 2001 साली तो न्यायालयाबाहेर मिटला. अल्बम 2021 साली डायमंड झाला. त्याच्याविषयी दोन पानं लिहिताना एक ओळ या चौघांच्या दाव्याला द्यावी, असं मला वाटतं. निकाल आपण द्यायचा नाही. दावा झाला आणि मिटला, एवढं लिहायचं.

आपल्या पोरांची गाणी

हल्ली कोल्हापुरातली पोरंही मला विचारतात, "भावा, आमच्या गाण्याला गोल्ड कसं लावायचं?" इथं एक फसवी गंमत आहे. यूट्यूबही चॅनेलला बटणं देतं: 1 लाख सदस्यांवर सिल्व्हर, 10 लाखांवर गोल्ड, 1 कोटीवर डायमंड. नावं तीच, आकडेही जवळचे, पण ती चॅनेलच्या सदस्यांची मोजणी आहे, गाण्याच्या विक्रीची नाही. पोस्टरवर 'गोल्ड रॅपर' छापण्याआधी हा फरक बघा. व्ह्यूज असतील तर व्ह्यूज लिहा, तारखेसकट. त्यात कमीपणा काही नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे श्रेयाचा कागद. नेटवरून घेतलेलं बीट असेल तर ते बनवणाऱ्याचं नाव आणि कुठल्या अटीवर घेतलं ते, शब्द कुणाचे, हुक (पुन्हापुन्हा येणारी ओळ) कुणाचा, मिक्स कुणी केलं आणि प्रत्येकाचा वाटा किती, हे ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्रीत कशाला कागद, असं म्हणू नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखलेला आहे, पण तो मागायला आधी कुठंतरी नाव लागतं.

माझं पत्रक आता कसं असतं

विक्रीच्या रकान्यात आता पाच गोष्टी असतात: देश, मोजणारी संस्था, पायरी, प्रमाणपत्राची तारीख, आणि स्ट्रीमिंग धरलं आहे का. दुहेरी अल्बम असेल तर तसं लिहितो. जे सापडलं नाही तिथं रेघ मारतो. पूर्वी रिकामी जागा बघवत नव्हती म्हणून कुठूनतरी आकडा आणून भरायचो. पानाच्या तळाशी मी तपासल्याची तारीख टाकतो, कारण प्रमाणपत्रं वाढत राहतात आणि आज बरोबर असलेली ओळ सहा महिन्यांनी जुनी होते.

टुपाकचं पत्रकही नव्यानं छापलं. छापखान्यात देण्याआधी मावसभावाला वाचायला दिलं. त्यानं पेन घेऊन एका ठिकाणी 'प्रती' खोडलं, वर 'युनिट' लिहिलं आणि मला परत दिलं. एक माझ्याकडून तरीही राहिलं होतं.